झेपणार नाही, हे कशावरून?

पहिल्याच चाचणीत गुण घसरले म्हणून सरांनी तुमच्या लेकीला ‘प्रगत गणित तुला झेपणार नाही, साध्या वर्गात जा’ असं सुनावलं. मी लगेच ‘सोडू नको’ म्हणणार नाही. आधी तिची उत्तरपत्रिका घेऊन दोघं बसा आणि चुका नेमक्या कुठे आहेत ते बघा. चिन्हं, अपूर्णांक, अवयव पाडणं इथे गाडी अडत असेल, तर ते मागच्या इयत्तांचं कच्चं राहिलेलं आहे. ते वर्गात राहूनही भरून काढता येतं. ‘सिद्ध करा’ म्हटल्यावर सुरुवातच सुचत नसेल, तर ती फार जणांची अडचण असते. तोवर रीत पाठ असली की भागतं, इथे अचानक प्रत्येक पायरीला ‘का?’ विचारलं जातं. चाचपडणं आलंच.

इराणी गणितज्ञ मरियम मिर्झाखानीचं उदाहरण आहे. शाळेत एका वर्षी गणिताच्या शिक्षकांना तिच्यात विशेष काही दिसलं नाही, तिचाही धीर सुटला. पुढच्या वर्षी प्रोत्साहन देणारे शिक्षक मिळाले. 2014 मध्ये फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च मानला जाणारा एक सन्मान, मिळवणारी ती पहिली महिला. (सगळेच मिर्झाखानी होत नाहीत, ठाऊक आहे. पण शिक्षकाचं मत एका वर्षापुरतंही असू शकतं.)

मात्र तुमच्या लेकीची झोप उडाली असेल किंवा तिला स्वतःलाच विषय नको असेल, तर खुशाल सोडू द्या. वर्ग बदलायची मुदत कधीपर्यंत आहे तेवढं विचारून घ्या. आणि सरांनाही विचारा, ‘झेपणार नाही’ म्हणजे नेमकं काय येत नाही?