स्टेशनबाहेरच्या व्यसनी बायकांसाठी चर्चतर्फे काम करायचंय, पुढे काय करू?

रातराणी७
नमस्कार. आमच्या मंडळीतल्या आम्ही पाचसहा बायका गेले तीन महिने दर शुक्रवारी रात्री पुणे स्टेशनच्या आसपास जेवणाची पाकिटं वाटतोय. आठदहा बायका ठरलेल्या दिसतात, कुणी देशी पिऊन पडलेली, दोन पोरी फडक्यावर पंक्चरचं सोल्युशन घेऊन नशेसाठी हुंगत असतात, एकीच्या कडेवर सातआठ महिन्यांचं बाळ. आता "आलात का ताई" अशी हाक मारतात. पाळकसाहेब म्हणतात, ओळख झालीय तर आता जेवणाआधी तिथेच प्रार्थना घ्या आणि व्यसन सोडायचं आवाहन करा. मला काहीतरी खटकतंय पण नक्की काय ते सांगता येत नाही. त्यात नवऱ्याला भीती, कुणी व्हिडिओ काढून धर्मांतर म्हणून टाकला तर? कुणी असं काम केलंय का?

खडूस_पुणेकर
मी ख्रिस्ती नाही, राग मानू नका. खिचडी तुमच्या हातात आणि ती बाई दोन दिवसांची उपाशी, अशा वेळी डोळे मिट म्हटलं तर ती नाही म्हणू शकते का? तुम्हाला खटकतंय ते बहुतेक हेच. व्हिडिओचं नंतर बघू.

निवृत्त_नर्स
ताई, मी मुंबईत आमच्या चर्चच्या गटाबरोबर सहा वर्षं हेच केलं. पहिली दोन वर्षं नुसतं जेवण आणि गाणी, आम्हाला वाटायचं केवढं मोठं काम करतोय. मग एका रात्री साडेदहाला एक बाई उठली आणि म्हणाली चला, येते तुमच्याबरोबर, आत्ताच न्या, उद्या माझं मन राहणार नाही. आणि आमच्याकडे तिला न्यायला जागाच नव्हती! एका व्यसनमुक्ती केंद्रात फक्त पुरुष, दुसरं म्हणे आधार कार्ड आणि सही करायला नातेवाईक आणा, तिसऱ्याला डिपॉझिट हवं, चौथ्या ठिकाणी बाईला घेतील पण पोराला नाही. दीड वाजता तिला होती तिथेच सोडून आलो. परत कधी दिसली नाही.

म्हणून सांगते, आवाहन राहू द्या, आधी खाट शोधा. बायकांसाठी खाटा मुळातच कमी. २०१९ च्या सरकारी सर्वेक्षणात दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि बायका १.६ टक्के, मग केंद्रं कुणासाठी निघणार ते सांगायला नको. तुम्ही पुण्यात आहात म्हणजे नशीबवान, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा बायकांसाठी निशिगंध म्हणून वेगळा विभाग आहे, आधीच जाऊन बोला, बेघर बाई आणली तर कागदपत्रांचं काय, खर्च कोण करणार, सगळं विचारून ठेवा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन पण आहे.

दुसरं, रोज पिणाऱ्या बाईला "प्रभूच्या नावाने आजपासून बंद" असं कृपा करून करायला लावू नका. अचानक बंद केलं की दोनतीन दिवसांत हात थरथरतात, फिट येते, नसलेलं दिसायला लागतं, जीव जाऊ शकतो. आधी ससून हॉस्पिटल, डॉक्टरांच्या देखरेखीत औषधांवर दारू उतरवायची, मग केंद्र. प्रार्थना तुम्ही घरी करा की, कोण अडवतंय.

आणि बाळाच्या आईशी बोलताना जपून. "पोर काढून घेतील" ही भीती दारूपेक्षा मोठी असते, तेवढ्यासाठी बायका कुठेच येत नाहीत.

केडगाव_लाईन
आपल्याकडे हे नवीन नाही हो. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा फुलहॅमला सिस्टर लोकांचं (ख्रिस्ती जोगिणींचं) काम त्यांनी पाहिलं, ज्या बायकांना समाज पतित म्हणून दारात उभं करत नव्हता त्यांना तिथे घरात घेऊन सांभाळत होते. तेच त्यांच्या मनात बसलं आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशा बायकांसाठी कृपासदन निघालं. पण रमाबाईंचं विधवा मुलींसाठीचं शारदासदन पण आठवा, १८८९ ला मुंबईत सुरू, मग पुण्यात, आणि १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होतायत म्हणून केवढा गदारोळ, पालकांनी पटापट मुली काढून नेल्या. तेव्हा नवऱ्याची भीती अगदीच हवेतली नाही. मी तर म्हणेन जेवण आणि उपासना वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी ठेवा.

बांद्र्याचे फादर ज्यो परेरा बघा, १९८१ पासून कृपा फाउंडेशन चालवतात, धर्मगुरू असून व्यसनी लोकांना योगासनं शिकवतात 🙂

टेनेसीची_सून
मी नॅशव्हिलला राहते. इथे बेका स्टीव्हन्स नावाच्या एपिस्कोपल पाद्री आहेत, त्यांनी १९९७ मध्ये रस्त्यावरच्या पाच बायकांना घेऊन एक घर सुरू केलं, व्यसन, वेश्याव्यवसाय, जेल सगळं बघून आलेल्या. दोन वर्षं राहायचं, पैसे द्यायचे नाहीत. नंतर काम पाहिजे म्हणून थिसल फार्म्स निघालं, त्या बायकाच मेणबत्त्या, लोशन बनवतात, कॅफे पण काढला. मला तिथलं आवडलं ते दोन वर्षांचं गणित, आपल्याकडे महिनाभरात बाई "बरी" करून परत त्याच फुटपाथवर सोडतात आणि मग म्हणतात, बघा परत प्यायली.

खडूस_पुणेकर
दोन वर्षं खर्च कोण करणार पण? पाचसहा बायकांच्या गटाला जमणारं बोला.

निवृत्त_नर्स
एका बाईचं जमतं. आम्ही शेवटी तेच केलं, दहाजणींना खिचडी आणि एकीच्या पाठी वर्षभर, हॉस्पिटल, आधार, खोली, काम. ती दोनदा पळाली. तिसऱ्यांदा राहिली.

रातराणी७
सगळ्यांचे आभार, खडूसदादा तुमचे पण, तेच खटकत होतं. पाळकसाहेबांशी आज बोलले, थोडे नाराज झाले पण म्हणाले बघा तुम्ही. सोमवारी दोघी मिळून मुक्तांगणला जाऊन येतो, मग ससूनला. एक बारकं विचारते, या शुक्रवारी बाळासाठी दुधाची बाटली नेऊ का?

निवृत्त_नर्स
बाटली नको, ती उकळणार कुठे? वाटी चमचा न्या. आणि मऊ भात.