अनुभव धागा : तुमच्या उसंतीची गोष्ट सांगा

गोदाकाठ :
मार्चमध्ये जिन्यावरून पाय घसरला आणि घोट्याला प्लास्टर बसलं. सहा आठवडे. मी नाशिकला एका पतसंस्थेत काम करते. मार्चअखेर म्हणजे आमच्याकडे मान वर करायला सवड नसते, आणि नेमकी तेव्हाच मी गॅलरीत खुर्चीवर, पाय स्टुलावर. पहिले तीन दिवस फोन हातातून सुटला नाही. चौथ्या दिवशी लाइट गेली, फोनही बंद पडला, तेव्हा सहज वर पाहिलं. कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला काहीतरी लोंबत होतं. जळमट असेल, काढून टाक असं लेकीला सांगणार, इतक्यात एक चिमुकली पक्षीण चोचीत धागा घेऊन आली.

शिंजीर. घरटं मादी एकटीच बांधते, हे मला तेव्हा कळलं. कोळ्याचं जाळं आणायची, त्यात वाळकं पान, सालपट चिकटवायची, मग आत शिरून अंगानं दाबून दाबून पोकळी गोल करायची. दाराच्या वर चक्क छोटासा छज्जा काढला तिनं. अंडी घातल्यावर दारातून फक्त तिची बाकदार चोच दिसायची. पिल्लं निघाल्यावर मात्र नरही भरवायला येऊ लागला.

या घरात आम्हाला 11 वर्षं झाली. त्या तारेवर मी रोज कपडे घालते.

म्हणून हा धागा. सहलीचं किंवा शिबिराचं लिहू नका. रोजचंच काम, रोजचीच वाट, आणि एक दिवस तुम्ही घाई केली नाहीत. काय दिसलं तेव्हा?

ठाणेकरीण :
मी दादरहून सुटणारी फास्ट सोडून स्लो पकडायला लागले ते पाठदुखीमुळे. फास्टच्या गर्दीत उभं राहवेना. घरी पोचायला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात, आणि त्या मिनिटांसाठी मी नऊ वर्षं रोज जीव काढत होते.

स्लोमध्ये माटुंगा, शीव, विद्याविहार, नाहूर ही नुसती नावं राहत नाहीत, तिथली चढणारी माणसं ओळखीची होतात. कुर्ल्याला चढणाऱ्या एक काकू रोज मांडीवर पिशवी पसरून मेथी नाहीतर गवार निवडतात. एकदा त्यांच्या हाताला पट्टी होती. मी न विचारता अर्धी जुडी ओढून घेतली. शेजारच्या मुलीनंही घेतली. भांडुप येईपर्यंत भाजी निवडून झाली, आणि तिघींच्या बोटांना तो हिरवा, कडसर वास. घरी जाऊन मी हात लगेच धुतले नाहीत.

तळकोकण :
आमच्याकडे सावंतवाडी-वेंगुर्ला पट्ट्यात होळीच्या आसपास सुरंगी फुलते. फुलं थेट फांदीला चिकटून येतात, आणि कळ्या उमलायच्या आत, भल्या पहाटे झाडावर चढून काढाव्या लागतात. मी दरवर्षी गाडीची काच खाली करून वळेसर, म्हणजे सुरंगीचे गजरे, घ्यायचो, बायकोसाठी, पैसे देऊन पुढे. यंदा आजीबाईंकडचे वळेसर संपले होते, नुसत्या कळ्या उरलेल्या. मी गाडी सुरू केली तर म्हणाल्या, “कित्याक घाई करतंस? बस वायच.”

बसलो. त्या ओवत होत्या, उन्हाचा तिरका पट्टा सुपावर सरकत आला, आणि सुपातल्या चार-दोन कळ्या माझ्या डोळ्यांदेखत उमलल्या. पांढऱ्या पाकळ्या मागे, मध्ये पिवळ्या केसरांचा झुपका. पन्नाशी गाठली आहे मी, जन्म याच मातीतला. सुरंगी उमलताना पहिल्यांदा पाहिली.

दोन पिल्लांची आई :
सगळं वाचून छान वाटलं, पण एक मनापासून सांगते. उसंत आपोआप मिळत नाही, ती कुणीतरी द्यावी लागते. माझी मुलं तीन आणि एक वर्षांची आहेत. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत मी बसून चहा घेतलेला नाही असे महिने गेले. “जरा निवांत हो” असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. गेल्या महिन्यात सासूबाई आल्या, त्यांनी दोघांना उचलून खाली नेलं आणि दार ओढून घेतलं. काही बोलल्या नाहीत. मी त्या वीस मिनिटांत केस विंचरले. एवढंच. शेवटच्या गुंत्यापर्यंत, सावकाश.

गोदाकाठ :
तुमचं अगदी खरं आहे. मलाही प्लास्टर बसलं तेव्हाच मिळाली, आणि त्या सहा आठवड्यांत घरचं सगळं नवरा आणि लेक ओढत होते. ते मी वर लिहायला हवं होतं.

सोलापुरी चादर :
निवृत्त झाल्यावर आईकडून भाकरी शिकलो. आई 81 वर्षांची. मला वाटलं होतं, आठवडाभरात जमेल. पहिल्या दिवशी परातीतच चिरा पडल्या. आई म्हणाली, पीठ विरी गेलंय, ताजं दळून आण. ताजं आणलं तरी तेच. मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं पीठ कसं रगडायचं ते दाखवलं. “जेवढं मळशील तेवढी भाकरी ऐकते.” ज्वारीला चिकटपणा मुळात कमी, त्यामुळे गरम पाणी आणि मळणं यांवरच सगळं. गव्हासारखं ती खपवून घेत नाही.

थापताना आवाजावरून कळतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. सुरुवातीला थप थप जड येतो, भाकरी पातळ होत गेली की परातीचा आवाज वर यायला लागतो. तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर, त्यावर पाण्याचा हात फिरवायचा, आणि ते पाणी पुरतं वाळायच्या आत उलटायची. त्या अर्ध्या मिनिटात दुसरं काही करता येत नाही. नोकरीत मी एका वेळी तीन फोन घेत होतो.

पहिली टम्म फुगली तो दिवस आषाढातला, बाहेर भुरभुर चालू. आईनं पापुद्रा बोटानं फोडला, आतली वाफ माझ्या तोंडावर आली. तिनं त्यात तेल आणि शेंगाचटणी घालून पहिला घास मला भरवला. मी 60 वर्षांचा.

ठाणेकरीण :
सोलापुरी चादर, तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. गोदाकाठ, पिल्लं उडाली का?

गोदाकाठ :
उडाली. एक सकाळी, दुसरं दुसऱ्या दिवशी दुपारी. रिकामं घरटं अजून आहे. कपडे आता दुसऱ्या तारेवर.

सांजवात :
मी आत्ता लिहितेय कारण आज आमच्या ब्रह्मकमळाच्या कळीनं मान वर उचलली आहे. ज्यांच्याकडे आहे त्यांना कळेल. कळी आधी खाली लोंबते, आणि फुलायच्या दिवशी देठ वाकून तोंड वर येतं. हे हिमालयातलं ब्रह्मकमळ नव्हे, ही निवडुंगाच्या कुळातली, पार अमेरिका खंडातून आलेली वनस्पती. पण बाबांनी शेजाऱ्यांकडून एक पान आणून लावलं तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव ब्रह्मकमळच.

बाबा दरवर्षी आम्हाला उठवायला यायचे. रात्री अकरा-बाराला, “चला, पूर्ण उमललं.” शाळा आहे, परीक्षा आहे, पुढे ऑफिस आहे म्हणून मी कुशीवर वळायचे. सकाळी मान टाकलेलं फूल बघायचे आणि छान होतं म्हणायचे. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन.

आज अंगणात दोन खुर्च्या मांडल्या आहेत. आईनं शाल घेतली आहे, निरांजन लावलंय, शेजारच्यांना निरोप दिलाय. साडेआठ वाजलेत. कळीचं टोक सुटलं, वास यायला लागलाय. आई हाक मारतेय. फोन आत ठेवते.