एडीएचडीचं औषध : विमा लावूनही काउंटरवर २३८ डॉलर?

केतकीचं_पान
अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी प्रश्न. मुलगा दहा वर्षांचा आहे, दीड वर्ष झालं एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) निदान होऊन. लिसडेक्सॲम्फेटामिनवर छान स्थिरावलाय. जानेवारीत नवऱ्याची नोकरी बदलली, त्याबरोबर विमाही. डिसेंबरपर्यंत महिन्याला १५ डॉलर भरत होतो, काल फार्मसीत २३८ सांगितले. मागे रांग, पोरगा पेनाची साखळी ओढतोय, आणि मी आपली "इन्शुरन्स लावलाय ना?" हेच दोनदा विचारतेय. लावला होता. औषध न घेताच घरी आले. पाच गोळ्या उरल्यात. आई म्हणते, कुणाबरोबर तरी इकडून पाठवते. काय करावं?

वाटसरू
आधी आईंना थांबवा. हे शेड्यूल २ मधलं, म्हणजे कडक सरकारी नियंत्रणाखालचं औषध आहे. कुणाच्या बॅगेत किंवा कुरियरने मागवायच्या भानगडीत पडू नका, नसतं झंझट मागे लागेल. आईंना लोणचं पाठवू दे.

आता आकड्याचं. फार्मसीला फोन करून एवढंच विचारा : क्लेम रिजेक्ट झाला, की पास होऊन हा आकडा आला? रिजेक्ट असेल तर औषध नव्या प्लॅनच्या यादीत नाही किंवा प्रायर ऑथोरायझेशन (विमा कंपनीची आगाऊ मंजुरी) हवंय, आणि ते डॉक्टरांच्या ऑफिसने करायचं काम. पास होऊन आला असेल तर बहुतेक डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी दर वर्षी आपण भरायची रक्कम.

केतकीचं_पान
पास झालाय. प्लॅनचे कागद आत्ता उघडून पाहिले. कुटुंबाचं डिडक्टिबल ४,००० डॉलर, तेवढे भरेपर्यंत औषधंही आपल्याच खिशातून. नवऱ्याला एचआरने "प्रीमियम कमी आहे" एवढंच सांगितलं होतं. तो खूश होता बिचारा.

ढगाळ
अर्धी जनता जानेवारीत अशीच आपटते.
गुडआरएक्ससारखं डिस्काउंट कार्ड बघा. ते विम्यासोबत नाही, विम्याऐवजी लावायचं. त्याच गोळीचा दर एका फार्मसीत एक, दुसरीत दुसराच, त्यामुळे दोन-चार ठिकाणचे भाव बघा. मेख अशी की कार्डाने भरलेले पैसे सहसा डिडक्टिबलमध्ये धरत नाहीत. यंदा घरात ऑपरेशन किंवा बाळंतपण असेल तर डिडक्टिबल तसंही संपणारच, मग विम्यातूनच भरा. तसं काही नसेल तर कार्ड. एचएसए (औषधपाण्यासाठीचं करमुक्त बचत खातं) असेल तर पैसे दोन्ही वेळा त्यातून देता येतात.

निंबोणी
ब्रँड देतायत की जेनेरिक, तेही बघा. याचं जेनेरिक ऑगस्ट २०२३ मध्ये आलं. प्रिस्क्रिप्शनवर जुनं 'डिस्पेन्स ॲज रिटन' (लिहिलंय तेच द्या) राहून गेलं असेल तर ब्रँडच मिळत राहतो.

कुणीतरी येऊन मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं दुसरं औषध स्वस्त पडतं म्हणेल, म्हणून आधीच लिहिते. मुलगा स्थिर असेल तर नुसत्या पैशासाठी औषध बदलायच्या मी विरुद्ध आहे. आमच्या विमा कंपनीने लेकीचं चालू औषध नाकारलं, आधी स्वस्तातलं वापरून बघा म्हणे. याला स्टेप थेरपी म्हणतात. त्या औषधावर सहा आठवडे डबा जसाच्या तसा परत यायचा, रात्री अकरापर्यंत टक्क जागी. डॉक्टरांनी वजनाच्या नोंदी जोडून पत्र लिहिलं, आम्ही अपील केलं, तेव्हा कुठे जुनं औषध मंजूर झालं. नकाराचं पत्र आलं तर फेकू नका, अपीलला १८० दिवस असतात.

केतकीचं_पान
जेनेरिकच आहे. यंदा मोठा खर्च काही दिसत नाही, म्हणजे कार्डच. दुसऱ्या एका फार्मसीत कार्डावर ७१ दाखवतंय! पण प्रिस्क्रिप्शन तर पहिल्या फार्मसीत पडलंय.

वाटसरू
ज्यावर अजून औषध घेतलेलं नाही असं ई-प्रिस्क्रिप्शन एकदा दुसरीकडे पाठवता येतं, ऑगस्ट २०२३ पासून डीईएचा (अमेरिकेचं अमली पदार्थ नियंत्रण खातं) तसा नियम आहे. राज्याचा नियम आडवा येऊ शकतो, आणि काउंटरवरच्या सगळ्यांना हे ठाऊक असतंच असं नाही. त्याआधी नव्या ठिकाणी माल आहे का ते फोन करून विचारा. २०२२ च्या ऑक्टोबरात एफडीएने (औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं) ॲडेरॉल या एडीएचडीच्याच औषधाचा तुटवडा जाहीर केला, तेव्हापासून मी न विचारता कुठेच जात नाही.

केतकीचं_पान
अपडेट. पहिल्या फार्मसीने "आम्ही पाठवत नाही" म्हणून हात वर केले. शेवटी डॉक्टरांच्या ऑफिसने जुनं रद्द करून नवीकडे पाठवलं. ७१ डॉलरच लागले. घरी एक गोळी शिल्लक होती. यात रिफिल (त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा औषध) नसतं, म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा हीच वरात?

ढगाळ
डॉक्टर एकदम ९० दिवसांपर्यंतची वेगवेगळी प्रिस्क्रिप्शनं देऊ शकतात, प्रत्येकावर फार्मसीतून कधीपासून औषध मिळेल ती तारीख घालून. सगळे देत नाहीत, पण विचारा. ७१ चा भाव मात्र दर महिन्याला पुन्हा तपासा, तो हलतो.

केतकीचं_पान
सोमवारी विचारते. आईला लोणच्याचं कळवलंय.