मदत हवी आहे : ट्रास्टुझुमॅबची कंपनी मधेच बदलली तर चालते का?

नमस्कार मंडळी,

सासूबाईंना (वय ६३) स्तनाचा कर्करोग, हर-टू पॉझिटिव्ह (म्हणजे गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त). ऑपरेशन, केमो झाली. आता दर २१ दिवसांनी ट्रास्टुझुमॅब (त्या प्रथिनावर काम करणारं, सलाईनमधून द्यायचं औषध), एकूण वर्षभर. सहा डोस एकाच भारतीय कंपनीच्या बायोसिमिलरचे (मूळ औषधाशी मिळतंजुळतं, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध) झाले. सातवा गुरुवारी आहे आणि परळला ज्या केमिस्टकडून घेतो त्याच्याकडे नेमका तोच माल नाही. दुसऱ्या कंपनीचं देतो म्हणाला, वर थोडं स्वस्तही. डॉक्टरांना फोन केला तर "चालेल, घ्या" एवढंच. मागे ओपीडीचा गलका ऐकू येत होता, पुढे काही विचारवेना.

घरी भावजी हटून बसलेत की आता ओरिजिनलच आणा, पैसे मी देतो. त्यांच्या लेखी बायोसिमिलर म्हणजे नक्कल. मी सांगून पाहिलं की रोश कंपनीने हर्सेप्टिनचं (म्हणजे मूळ ट्रास्टुझुमॅबचं) इथलं पेटंट २०१३ मध्येच सोडलं, २०१४ मध्ये बायोकॉनचं कॅनमॅब हे बायोसिमिलर आलं, आणि बायोकॉन-मायलनच्या ट्रास्टुझुमॅबला २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएनेही मंजुरी दिली. तर म्हणतात, "मग सगळ्यांचं सारखंच का नसतं?" प्रश्न चुकीचा नाही. पॅरासिटामॉलसारखं हे साधं रसायन नाही, जिवंत पेशींकडून करवून घेतलेलं प्रथिन आहे. प्रत्येक कंपनीच्या पेशी वेगळ्या, त्यामुळे तंतोतंत जुळत नाही. आणि माझं घोडं अडलंय ते इथेच. मंजुरीसाठी प्रत्येक बायोसिमिलर मूळ औषधाशी ताडून बघतात, एकमेकांशी नाही. एकावरून दुसऱ्यावर गेलं तर? (ओरिजिनलवर गेलो तरी तो बदलच की. हे भावजींना कोण सांगणार!)

आणखी एक. सासूबाईंचं वजन ५८ किलो, म्हणजे किलोला ६ प्रमाणे डोस ३४८ मिलिग्रॅम. व्हायल ४४० ची. सोबतच्या पाण्यात विरघळवलेलं औषध २ ते ८ अंशांत २८ दिवस टिकतं, म्हणून उरलेलं डे-केअरवाले त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून फ्रिजमध्ये ठेवतात आणि पुढच्या वेळी वापरतात. कंपनी बदलली तर ते टाकून द्यायचं का?

कुणाच्या घरी अशी अदलाबदल झाली आहे का? त्या पहिल्या सलाईनला थंडी-ताप आला का, नंतरचा टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) कसा होता? गुरुवारच्या आत कळलं तर बरं. मुंबईत कुठल्या केमिस्टकडे आधी नोंदवून ठेवलं तर एकाच कंपनीचं मिळत राहतं, तेही सांगा.