शब्दचर्चा : 'गेनेराल डेर आर्टिलेरी' म्हणजे तोफखान्याचा प्रमुख का?

प्रश्न : बर्लिनच्या पाडावावर लेख लिहितो आहे. २ मे १९४५ रोजी शहर रशियनांच्या हवाली करणाऱ्या हेल्मुट वाइडलिंगच्या नावामागे 'गेनेराल डेर आर्टिलेरी' असं लावलेलं दिसतं. 'जर्मन तोफखान्याचा प्रमुख' असं लिहिलं तर चालेल ना?

उत्तर : कृपया तसं लिहू नका. हा हुद्दा आहे, पद नव्हे, आणि मराठीत हा घोटाळा वारंवार होतो. जर्मन सैन्यात गेनेरालमायोर, त्यावर गेनेराललॉयटनांट आणि मग तिसऱ्या पायरीला अधिकाऱ्याच्या मूळ शाखेचं नाव जोडलं जाई : पायदळाचा गेनेराल, घोडदळाचा गेनेराल, तोफखान्याचा गेनेराल. त्याच्या वर गेनेरालओबर्स्ट आणि फील्डमार्शल. तिथे शाखेचं नाव गळून पडे. म्हणजे हे बिरुद माणूस कुठून आला ते सांगतं. आज तो काय सांभाळतो याचा त्यावरून पत्ता लागत नाही.

वाइडलिंगचंच पाहा. १९११ मध्ये सैन्यात आला, पहिल्या महायुद्धात हवाई जहाजांच्या दलात होता, दोन युद्धांच्या मधल्या काळात तोफखान्यात वर चढला. दुसऱ्या महायुद्धात आधी एक पायदळ डिव्हिजन आणि नंतर चिलखती कोअर त्याच्या हाताखाली. एप्रिल १९४५ मध्ये तो ५६ व्या पांझर कोअरचा सेनापती होता. न विचारता मागे हटल्याच्या संशयावरून हिटलरने त्याला गोळ्या घालण्याचा हुकूम काढला. वाइडलिंग स्वतः बंकरमध्ये जाऊन खुलासा देऊन आला आणि त्याच्याच गळ्यात बर्लिनच्या संरक्षणाची जबाबदारी पडली. १९४४ मध्ये तो या तिसऱ्या पायरीला पोचला तेव्हापासून, चिलखती कोअर आणि बर्लिन सांभाळतानाही, 'तोफखान्याचा' हे शब्द त्याच्या हुद्द्यात होते. पुढे रशियाच्या कैदेतच, व्लादिमीरच्या तुरुंगात, १९५५ मध्ये तो वारला.

'प्रमुख' म्हणायचं तर एकाच वेळी कितीतरी प्रमुख मानावे लागतील. नॉर्मंडीत कोअर सांभाळणारा एरिख मार्क्स याच हुद्द्याचा. रशियात १९४१ मध्ये त्याने एक पाय गमावला होता, १२ जून १९४४ ला विमानहल्ल्यात तो मारला गेला. हिटलरच्या लष्करी मुख्यालयातले कायटेल आणि योडल हे दोघेही तोफखान्यातलेच, दोघेही हीच पायरी चढून वर गेले. योडल तर गेनेराललॉयटनांटची पायरी वगळून थेट इथे पोचला. म्हणून शरणागतीच्या दस्तऐवजांवर सह्या करताना एक फील्डमार्शल होता, दुसरा गेनेरालओबर्स्ट. तोफखान्याचा तिथे उल्लेखच नाही.

शंका : मग ॲडॉल्फ गालांडला 'गेनेराल डेर यागडफ्लीगर' म्हणतात, तोही हुद्दाच का?

उत्तर : नाही, आणि म्हणूनच सरसकट नियम करता येत नाही. लढाऊ विमानदलाचा निरीक्षक हे ते पद होतं. गालांडचा हुद्दा शेवटी गेनेराललॉयटनांट. शब्दांची ठेवण सारखी, अर्थ वेगळा. माणसाची बढती-यादी पाहिल्याशिवाय भाषांतर करू नये.

आपल्या कानाला 'तोफखान्याचा' ऐकलं की पद आठवतं, त्याला कारण आहे. पेशवाईत पानसे तोफखान्याचे सरदार होते, ती खरोखरच जबाबदारी होती. आजच्या भारतीय सैन्यातही तोफखान्याचे महासंचालक हे पदच आहे, त्यावरच्या अधिकाऱ्याचा हुद्दा लेफ्टनंट जनरल. माझी सूचना : 'जनरल (तोफखाना) हेल्मुट वाइडलिंग' असं लिहावं आणि पहिल्या उल्लेखाशेजारीच 'बर्लिनचा संरक्षण सेनापती' हे पद द्यावं. गेनेरालमायोरला मात्र 'मेजर जनरल' करताना जपावं. जर्मन सैन्यात ब्रिगेडिअर हा हुद्दाच नव्हता, त्यामुळे तो आपल्या ब्रिगेडिअरच्या जवळ बसतो.

शंका : 'कानोनीअर'ला, म्हणजे जर्मन तोफखान्यातल्या साध्या शिपायाला, 'गोलंदाज' म्हणावं का? शब्द तर तोच आहे.

उत्तर : अर्थाने अगदी चोख, गोळा फेकणारा तो गोलंदाज. पण आजचा वाचक क्रिकेटच समजेल. बखरीच्या भाषेत लिहीत असाल तर जरूर वापरा. विसाव्या शतकातल्या युद्धासाठी 'गनर' बरा, नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात भरती होणारा जवानही गनरच म्हणवतो.