नारळ सुपारीपेक्षा सावकाश का झुलतो?

कुळागरवाला, फोंडा
मुलगी अकरावीत आहे. पेंड्युलमचा आवर्तकाल (एक झोका जाऊन परत यायला लागणारा वेळ) वजनावर अवलंबून नसतो, असं तिच्या पुस्तकात आहे. काल तिन्हीसांजेला खात्री करायला म्हणून पडवीतल्या वाशाला सुतळी बांधली. आधी सुपारी टांगली, मग सोललेला नारळ. दोन्ही वेळा वाशापासून गाठीपर्यंत बरोबर 1 मीटर. 20 झोके मोजले: सुपारी 40.4 सेकंद, नारळ 41.4. तीनदा केलं, तेच. पोरगी म्हणते, "बाबा, पुस्तक चुकलं." मला तसं म्हणवत नाही, पण उत्तरही सुचत नाही.

पाटोवाला
नारळातलं पाणी डचमळतं ना, ते अडवत असणार. सुका गोटा बांधून बघा.

जुना मास्तर, म्हापसा
पाण्यानं झोके फार तर थोडे लवकर विझतील, अख्ख्या सेकंदाचा फरक त्याचा नव्हे. घोळ मोजपट्टीत आहे. लांबी गाठीपर्यंत नाही, टांगलेल्या वस्तूच्या गुरुत्वमध्यापर्यंत, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं त्या बिंदूपर्यंत धरायची. सुपारीत तो गाठीखाली सेंटिमीटरभर, नारळात सहाएक. म्हणजे सुपारी 1.01 मीटरवर झुलली आणि नारळ 1.06 वर. आवर्तकाल लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. लांबी 5 टक्के वाढली तर काळ साधारण अडीच टक्के. 40.4 चे अडीच टक्के काढा बघू. पोरीचं मोजमाप चोख आहे, तिला शाबासकी द्या!
आणि झोका वीतभरच ठेवा. 60 अंशांवरून सोडलात तर काळ 7 टक्क्यांनी वाढेल. झोका कितीही मोठा असला तरी काळ तोच, असं समजून गॅलिलिओसुद्धा इथे फसला होता.

डिचोलीकर
आमच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकाखाली एक छोटी चाकी होती. घड्याळ मागे पडू लागलं की आजोबा ती फिरवून लंबकाची तबकडी किंचित वर घ्यायचे. मला वाटायचं, वजन सारखं करतात. लांबी कमी करत होते तर!

कुळागरवाला, फोंडा
मास्तर, गाठ 5 सेंटिमीटर वर घेतली. नारळ 40.4! आता बाईसाहेबांचं म्हणणं, झोपाळ्यावर उभं राहिलं की आपला गुरुत्वमध्य वर जातो, म्हणजे झोका लवकर परत यायला हवा. सकाळपासून झोपाळा अडवलाय, आई बिचारी सोप्यावर बसून पानं लावतेय.