मदत हवी आहे : ओल्या घाटरस्त्यावर गाडी चिकटवल्यासारखी दिसते

मंडळी, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलेली गाडी ताम्हिणी घाटातल्या पावसाळी फोटोत बसवतोय. एफस्पायने (फोटोवरून कॅमेऱ्याची जागा आणि कोन काढणारं सॉफ्टवेअर) कॅमेरा जुळवलाय, पर्स्पेक्टिव्ह चोख आहे. उजेडासाठी एचडीआरआयही (चहूबाजूंच्या खऱ्या उजेडाची नोंद ठेवणारा फोटो) त्याच जागी काढलेला. तरी गाडी रस्त्यावर टेकलेली वाटतच नाही.

माझा संशय सावलीवर आहे. ढगाळ उजेडात सावली पसरट पडणार, मान्य. पण टायर डांबराला टेकतो तिथली गडद रेघ येतच नाही, शॅडो कॅचर (फक्त सावली झेलणारा, एरवी न दिसणारा पृष्ठभाग) नुसता राखाडी डाग देतो. त्यात रस्ता ओला, म्हणजे बंपरचं प्रतिबिंब हवं. रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) कमी केला की रस्त्याचा आरसा होतो, वाढवला की प्रतिबिंबच गायब. खडीच्या खाचांत पाणी आणि वरची टोकं कोरडी, हे तुम्ही कसं दाखवता? फोटोवरूनच रफनेस मॅप (कुठे किती खरखरीत ते सांगणारं चित्र) काढता का?

दुसरं म्हणजे धुकं. गाडीचे काळे भाग फोटोतल्या सगळ्यात गडद झाडीपेक्षाही काळे दिसतात. कर्व्हने (उजेड-अंधार कमीजास्त करणारं साधन) उचलले तर लाल रंग मरतो. (एजीएक्स या ब्लेंडरच्या रंग-रूपांतरातून मागचा फोटोही फिका पडत होता, म्हणून तो आता वेगळा जोडतो.) डेप्थ पासवरून (कॅमेऱ्यापासूनचं अंतर साठवणारा थर) धुकं घालावं की फक्त ब्लॅक लेव्हल (सगळ्यात गडद काळ्याची पातळी) जुळवावी?

ग्रेनचं (फोटोतल्या बारीक दाण्यांचं) शेवटी बघू. रेंडर (ब्लेंडरने काढलेलं चित्र) आणि मूळ फोटो कमेंटमध्ये टाकतो.